वुई म्हणजे ‘आम्ही’ की ‘आपण’? : इंग्रजी सर्वनामांची आपल्याकडची वाटचाल



विषय वाचून काही जणांना वाटले असेल की तत्त्वज्ञानाचा माणूस म्हातारपणी इंग्रजीची शिकवणी घ्यायला कशाला निघाला. संयोजकांनी आम्हाला हे विचारलेही. आम्ही म्हटले, पस्तीस वर्षे ‘मी कोण’ हा प्रश्न वर्गात शिकवला, आता त्या ‘मी’ला इंग्रजीत काय म्हणायचे ते बघू. हा प्रश्न त्या मानाने सोपा असेल असा आमचा समज होता. तयारीला बसलो आणि तो गेला. (हशा)

सुरुवात आपल्या गावापासून करू. वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट इथेच मिळाला. तो राजाच्या राज्यारोहणाच्या ३७ व्या वर्षातला आहे. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे, आणि कोणते गाव कोणाला दिले, कोणत्या सवलती दिल्या, हा व्यवहाराचा सगळा भाग प्राकृतात आहे. म्हणजे मोठेपणा सांगायला एक भाषा आणि काम करायला दुसरी. सोळाशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आज आपल्या लग्नपत्रिकेवर इंग्रजी आणि तलाठ्याशी बोलताना वऱ्हाडी, यात नवीन काय आहे? पुढे या गावाच्या नावावरून साहित्यातल्या एका रीतीलाही नाव पडले. राजशेखराने ‘कर्पूरमंजरी’त जिचा उल्लेख केला ती ‘वच्छोमी’ म्हणजे वत्सगुल्माचीच. ज्या गावच्या बोलण्याची ढब कवींनी वाखाणली, त्या गावची मुले आज तोंड उघडायला घाबरतात. हे का घडले, हा आमचा आजचा खरा विषय आहे. सर्वनामे हे निमित्त.

त्या आधी एक कबुली. १९७३ साली आम्ही नुकतेच कॉलेजात शिकवायला लागलो होतो. बहात्तरचा दुष्काळ अजून लोकांच्या अंगावर होता. पहिल्या तासाला मुलांना उभे करून इंग्रजीत ओळख सांगायला लावण्याची तेव्हा पद्धत होती. मागच्या बाकावरचा, खेड्यावरून सायकलने येणारा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “मायसेल्फ अमुक अमुक.” आम्ही हसलो. नुसते हसलो नाही, तर वर्गाकडे बघून तीच नक्कल करून दाखवली. वर्ग हसला. तो मुलगा त्या आठवड्यानंतर आला नाही. तेवढ्याच कारणाने आला नाही असे आम्ही म्हणणार नाही. घरी अडचणी असतील, त्या वर्षी कोणाच्या नव्हत्या? पण आमचे हसणे त्या कारणांत होते की नव्हते, याचा हिशोब आमच्याच्याने आजवर लागलेला नाही.

त्या वेळी आम्हाला हे सुद्धा सुचले नाही की हा मुलगा ‘मायसेल्फ’ का म्हणतो. कारण साधे आहे. शाळेत मराठीत निबंध असतो ‘मी’, आणि इंग्रजीत त्याच निबंधाला मथळा असतो ‘मायसेल्फ’. मग मुलाने काय समजावे? ‘मी’ची इंग्रजी ‘मायसेल्फ’! त्याने शिकवलेले तंतोतंत वापरले. वास्तविक ‘मायसेल्फ’ हा आपल्या ‘स्वतः’सारखा शब्द आहे. त्याला मागे कोणीतरी कर्ता लागतो. ‘आय कट मायसेल्फ’, मी स्वतःला कापून घेतले. एकटा ‘मायसेल्फ’ वाक्याचे दार उघडू शकत नाही. तिथे ‘आय अ‍ॅम’ हवे. हे दोन मिनिटांत सांगता आले असते. आम्ही ती दोन मिनिटे हसण्यात घालवली.

आता इतिहासाकडे वळू. आपल्याकडे इंग्रजी व्याकरण आले ते एकटे आले नाही, त्याने मराठीलाही व्याकरण लिहायला लावले. विल्यम केरीचे मराठी व्याकरण सेरामपूरला १८०५ साली छापले गेले, तेही इंग्रजीतून, साहेबांना मराठी यावी म्हणून. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ चे. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा. पुढे मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आले. या शंभर वर्षांत मराठी माणूस दोन आरशांत एकदम बघायला शिकला. एका बाजूला संस्कृत, दुसऱ्या बाजूला इंग्रजी.

दोन आरशांत बघितले की कधी कधी उजवे-डावे उलटे होते. तसे एका ठिकाणी झालेच. संस्कृतात ‘प्रथम पुरुष’ म्हणजे ‘तो’, ‘मध्यम पुरुष’ म्हणजे ‘तू’ आणि ‘उत्तम पुरुष’ म्हणजे ‘मी’. संस्कृतच्या तासाला मुले अजून असेच म्हणतात. मराठीच्या तासाला मात्र ‘प्रथम पुरुष’ म्हणजे ‘मी’! ही इंग्रजीची फर्स्ट पर्सन, सेकंड पर्सनची मांडणी. म्हणजे दहाच्या तासाला ‘तो’ प्रथम पुरुष आणि अकराच्या तासाला ‘मी’ प्रथम पुरुष. पोराने उत्तर चुकवले तर दोष कोणाचा? पण आमच्यासारख्या माणसाला यात एक गंमत दिसते. संस्कृत वैयाकरणाची मोजणी ‘तो’पासून सुरू होते, इंग्रजाची ‘आय’पासून. गंमत इथे संपत नाही. मोजणी ‘आय’पासून करणारा इंग्रज बोलताना मात्र स्वतःला शेवटी ठेवतो : ‘माय ब्रदर अँड आय’. आणि आपण बोलताना म्हणतो, “मी आणि माझा भाऊ”. व्याकरणातली नम्रता आणि बोलण्यातली नम्रता एका घरात नांदतेच असे नाही. आपला मुलगा ‘आय अँड माय ब्रदर’ म्हणतो तेव्हा ती व्याकरणाची चूक नाही, फक्त इंग्रजी शिष्टाचाराला सोडून आहे. एवढा फरक मास्तरांनी केला तरी पुष्कळ.

आता ‘आय’ आणि ‘मी’. इथे नीट लक्ष द्या, कारण इंग्रजी ‘मी’ म्हणजे आपले ‘मला’, आणि आपले ‘मी’ म्हणजे इंग्रजी ‘आय’. कानाला शब्द एकच. हा केवळ योगायोग आहे का? तर नाही. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की इंग्रजी ‘आय’ हा आपल्या ‘अहम्’चा दूरचा भाऊबंद आहे, आणि इंग्रजी ‘मी’ हा ‘मा’, ‘मया’ या रूपांचा. मराठीने ‘अहम्’ सोडून दिला आणि ‘मया’पासून आलेले ‘मी’ कर्त्याच्या जागी बसवले. म्हणजे ‘माझ्याकडून’ असा अर्थ असलेला शब्द राजासनावर बसला. इंग्रजीत एखादे पोर ‘मी अँड राजू वेंट’ म्हणते तेव्हा मास्तर छडी घेतात. अहो, मराठीने शेकडो वर्षांपूर्वी हेच केले आणि त्याची प्रमाणभाषा झाली!

आपल्या वऱ्हाडीत तर जुनी खूण अजून जिवंत आहे. आमच्या आजीचे वाक्य असे असायचे : “म्या सांगतलं होतं तुले.” शाळेत हे ‘म्या’ बोललो की मास्तर म्हणायचे, गावंढळ! ‘मी’ म्हण! आता बघा. ‘तो’चे ‘त्याने’ होते, ‘राम’चे ‘रामाने’ होते, मग ‘मी’चे काहीच का होत नाही? होत होते. जुन्या मराठीत ‘मियां’ हे रूप आहे, आणि आजीचे ‘म्या’ हे त्याचेच वारसदार. प्रमाण मराठीने ते टाकले, वऱ्हाडाने जपले. आजी चुकत नव्हती, जुन्या घरात राहत होती एवढेच.

अशी टोचणी लागलेला माणूस पुढे काय करतो, ते महत्त्वाचे आहे. तो घाबरून दुसऱ्या टोकाला जातो. ‘ण’च्या जागी ‘न’ म्हणतोस म्हणून ज्याला सारखे टोकले, तो सभेत उभा राहिला की ‘मन’चेही ‘मण’ करून टाकतो. आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा एखादा तरी असा पुढारी आहे. (हशा) हसू नका, तो लाजेपोटी झालेला आजार आहे. हाच आजार इंग्रजांनाही जडला. ‘मी अँड राजू’ म्हणू नको, ‘आय’ म्हण, असे लहानपणी इतके बजावले जाते, की मोठेपणी तो माणूस ‘बिट्वीन यू अँड आय’ म्हणतो. इथे ‘बिट्वीन यू अँड मी’ हवे, कारण ‘बिट्वीन’सारख्या शब्दयोगी अव्ययानंतर ‘मी’चे रूप येते. पण ‘आय’ जास्त सभ्य वाटते! आणि गंमत म्हणजे शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये अँटोनिओच्या पत्रात ‘बिट्वीन यू अँड आय’ असेच आहे. शेक्सपिअरच्या काळी ही चूक मोजण्याइतकी मोठी नव्हती.

मग ती मोठी केव्हा झाली? अठराव्या शतकात. १७६१ साली जोसेफ प्रीस्टली, होय, ऑक्सिजनवाला प्रीस्टली, त्याने इंग्रजीचे व्याकरण लिहिले. त्याचे म्हणणे असे की चांगली माणसे जे बोलतात तो प्रमाण. ‘इट इज मी’ लोक म्हणतात ना, मग त्याला नावे कशाला ठेवायची? पुढच्याच वर्षी, १७६२ मध्ये, रॉबर्ट लोथ यांचे व्याकरण आले. हे पुढे लंडनचे बिशप झाले. त्यांनी मोठमोठ्या लेखकांच्या चुका काढून दाखवल्या. ‘टू बी’ क्रियापदानंतर कर्त्याचेच रूप हवे, म्हणजे ‘इट इज आय’, हा कडक पक्ष. १७९५ साली लिंडले मरे यांनी हे सगळे शाळेच्या पुस्तकात आणले, तेही मुळात यॉर्कच्या एका मुलींच्या शाळेसाठी. ते पुस्तक अफाट खपले. दारावर थाप पडल्यावर ‘कोण?’ म्हणून विचारले तर आपण ‘मी’ म्हणतो, फ्रेंच माणूस ‘मुआ’ म्हणतो, आणि साधा इंग्रज ‘मी’ म्हणतो. फक्त मरे वाचलेला माणूस ‘इट इज आय’ म्हणून दाराबाहेर ताटकळतो. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात जे इंग्रजी आले ते बोलणाऱ्या इंग्रजाचे कमी आणि या पुस्तकांचे जास्त. म्हणून आपली भीती त्यांच्या भीतीपेक्षा एक पायरी वरची. त्यांची निदान मायबोली होती.

दुसरे सर्वनाम ‘यू’. इंग्रजीत पूर्वी आपल्यासारखेच दोन होते, ‘दाऊ’ म्हणजे तू आणि ‘यू’ म्हणजे तुम्ही. मोठ्याने लहानाला दाऊ म्हणायचे, लहानाने मोठ्याला यू. सतराव्या शतकाच्या मध्याला क्वेकर नावाचा पंथ उभा राहिला. जॉर्ज फॉक्स त्यांचा नेता. ते म्हणाले, देवासमोर सगळे सारखे, मग एका माणसाला अनेकवचन कशाला? न्यायाधीशाला सुद्धा ते दाऊ म्हणायचे. मार खाल्ला, तुरुंगात गेले. १६६० साली फॉक्स आणि त्याच्या सोबत्यांनी एकवचन-अनेकवचनाच्या या एका मुद्द्यावर अख्खे पुस्तक काढले, तीसेक भाषांचे दाखले देऊन. थॉमस एलवूड नावाच्या तरुणाने बापाला दाऊ म्हटले, त्याच्यासमोर टोपी काढली नाही, म्हणून बापाने त्याला बडवले. त्याने स्वतः हे लिहून ठेवले आहे. आणि शेवटी झाले काय? समता आली, पण उलट्या वाटेने. सगळे ‘दाऊ’ झाले नाहीत, सगळे ‘यू’ झाले. ‘दाऊ’ देवापुरते आणि कवितेपुरते उरले. मार्टिन बूबर या तत्त्वज्ञाचे १९२३ चे जर्मन पुस्तक इंग्रजीत ‘आय अँड दाऊ’ नावाने गेले, कारण जर्मन ‘डू’मधली जवळीक ‘यू’त मावेना. मराठीत मात्र त्याला ‘मी आणि तू’ म्हटले की काम झाले. जी जवळीक दाखवायला इंग्रजांना कोठीतले जुने भांडे काढावे लागले, ते आपल्या चुलीवर रोज आहे. आई तू, विठोबा तू.

पण त्याच ‘तू’ला दुसरी बाजू आहे आणि ती लपवून चालणार नाही. आमच्या लहानपणी गावात दहा वर्षांचे पोर सत्तर वर्षांच्या माणसाला “अरे, इकडे ये तू” म्हणायचे. तो माणूस कोणत्या वस्तीतला होता हे तुम्हाला सांगायला नको. तोच म्हातारा त्या पोराला ‘मालक’ म्हणायचा. आईचा ‘तू’ आणि हा ‘तू’ शब्दकोशात एकाच ओळीत आहेत. अशा वस्तीतून शिकून पुढे गेलेल्या आमच्या एका सहकाऱ्याने आम्हाला एकदा सांगितले, “सर, इंग्रजी मला अवघड गेली, पण त्या भाषेत मला कोणी अरे-तुरे करू शकत नव्हतं.” आम्ही इंग्रजीच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ भाषणे ऐकली. हे एक वाक्य त्या सगळ्यांना पुरून उरले.

तिसरे सर्वनाम ‘ही’, म्हणजे ‘तो’. हा मुद्दा नुसता व्याकरणाचा नाही, कोर्टाचा आहे. आपल्याकडे १८९७ चा जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट आहे. त्याचे कलम १३ सांगते की कायद्यात पुल्लिंगी शब्द आला तर त्यात स्त्रियाही आल्या असे समजावे, संदर्भाला ते विसंगत नसेल तर. वाचायला किती सोयीचे! पण १९१६ साली रेजिना गुहा या कायद्याच्या पदवीधर बाईंनी वकिलीसाठी अर्ज केला, तेव्हा कलकत्ता उच्च न्यायालयाने तो नाकारला. ‘ही’मध्ये ‘शी’ येते खरी, पण इथे येत नाही, असा त्याचा मथितार्थ. पाच-सहा वर्षांनी पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांच्याबाबतीतही तेच. आपल्या नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा १८९२ सालीच दिली होती. त्यांनाही वकील म्हणून नाव लागायला १९२१ उजाडावे लागले, अलाहाबादला. शेवटी १९२३ साली वेगळा कायदा करून स्त्रियांची अडचण दूर केली गेली. तेव्हा ‘एवढ्याशा सर्वनामाने काय होते’ असे कोणी म्हटले, तर त्याला ही नावे सांगा.

आता समोर विद्यार्थी बसले आहेत, वह्या उघडून. त्यांना रिकाम्या हाताने पाठवणे बरे नाही. चार-पाच खुणा सांगतो.

‘आय’ की ‘मी’ याचा गोंधळ झाला तर जोडीदाराला क्षणभर बाहेर उभे करा. ‘सर कॉल्ड राजू अँड…’ पुढे काय? राजू काढा. ‘सर कॉल्ड मी’. म्हणून ‘राजू अँड मी’. आपल्या ‘मला’वर मात्र डोळे मिटून विसंबू नका. ‘मला चहा आवडतो’ याचे ‘आय लाइक टी’ होते, तिथे ‘मी’ चालणार नाही. जुन्या इंग्रजीत चालत असे बरं का! ‘मीथिंक्स’ हा जुना शब्द म्हणजे शब्दशः आपले ‘मला वाटते’. आता तो गेला.

‘हू’ की ‘हूम’? प्रश्नाचे उत्तर मनात द्या. उत्तर ‘ही’ आले तर ‘हू’, ‘हिम’ आले तर ‘हूम’. दोन्हींच्या शेवटी ‘म’ आहे, एवढे लक्षात ठेवा. बोलताना आज इंग्रज सुद्धा ‘हू’वरच भागवतात, अर्जात मात्र जपावे.

‘इट्स’ची पंचाईत अशी की देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, कानालाही सारखेच. एकात वर स्वल्पविरामासारखे चिन्ह आहे, एकात नाही. जागेवर ‘इट इज’ घालून बघा. वाक्य बसले तर चिन्ह द्या, नाही बसले तर देऊ नका. मालकी दाखवताना रामाला चिन्ह लागते, सर्वनामाला लागत नाही. ‘हिज’ला लागत नाही, ‘अवर्स’ला लागत नाही, तसेच याला. ‘युअर’ आणि ‘यू आर’चे आखूड रूप यांनाही हीच कसोटी.

मग आपली खास मराठी वळणाची वाक्ये. “जोपर्यंत मी येत नाही तोपर्यंत थांब.” मुलगा लिहितो, ‘वेट अनटिल आय डू नॉट कम’. मराठीत तिथे ‘नाही’ लागतो, इंग्रजीत ‘अनटिल’च्या पोटातच तो आहे. ‘वेट अनटिल आय कम’. करारनाम्यात हे चुकले तर वाक्याचा अर्थ कोणत्या बाजूला लागेल हे वकिलांना विचारा. “त्याच्याबद्दल चर्चा करू” यावरून ‘डिस्कस अबाउट’. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही. ‘रिटर्न बॅक’मध्ये ‘परत’ दोनदा झाले. ‘बिसाइड’ म्हणजे बाजूला, ‘बिसाइड्स’ म्हणजे शिवाय. ‘वन ऑफ माय’ म्हटले की पुढे अनेकवचन, ‘फ्रेंड्स’, कारण अनेकांतला एक काढायचा तर अनेक आधी हवेत. या चुका अज्ञानाच्या नाहीत. या मराठी नीट येत असल्याच्या चुका आहेत. एवढे मुलाला सांगितले तरी त्याची मान वर होते.

शेवटचे आणि आमच्या आवडीचे सर्वनाम, ‘वुई’. इथे इंग्रजी गरीब आहे आणि आपण श्रीमंत. ‘वुई’ला आपल्याकडे दोन शब्द. ज्याच्याशी बोलतो त्याला सोडून ‘आम्ही’, त्याला धरून ‘आपण’. हिंदीच्या ‘हम’ला ही सोय नाही. तेलुगूत आहे, ‘मेमु’ आणि ‘मनमु’. द्राविडी भाषांच्या शेजाराने मराठीला हा भेद लाभला असे अभ्यासक मानतात. ‘आपण’ हा शब्द ‘आत्मन्’पासून आलेला, म्हणजे ज्याला जवळ घेतो त्याला आपण आपल्या आत्म्यात ओढतो. (टाळ्या) टाळ्या राहू द्या, व्युत्पत्ती आमची नाही.

या भेदाची किंमत बघायची असेल तर ग्रामसभेत जा. सरपंच म्हणाला “आम्ही विहीर खोदली”, तर समोरचे गप्प बसतात. “आपण विहीर खोदली” म्हणाला, तर चार जण गाळ काढायला येतात. तेच इतिवृत्त इंग्रजीत गेले की दोन्हींचे ‘वुई’ होते आणि कोण आत, कोण बाहेर हे पुसले जाते. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघाले. त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी असे. एका स्तंभात ‘वुई’ लिहिणाऱ्याला दुसऱ्या स्तंभात ठरवावेच लागणार, वाचक आत की बाहेर. मराठी संपादकांनी पुढे ‘आम्ही’ घेतला. निबंधमालेपासून केसरी-सुधारकापर्यंत तोच. आम्हीही त्याच सवयीचे, हे तुमच्या एव्हाना ध्यानात आले असेल. मोठेपणासाठी म्हणत नाही, एकट्या ‘मी’ने उभे राहायला संकोच वाटतो म्हणून.

पण एक ठिकाण असे आहे जिथे ही निवड आमच्या मनातून जात नाही. संविधानाच्या उद्देशिकेचा पहिला इंग्रजी शब्द ‘वुई’. हिंदीत ‘हम’, प्रश्नच मिटला. मराठीत मात्र निवडावे लागले, आणि तिथे ‘आम्ही’ आहे. आमच्या एका विद्यार्थिनीने वर्गात विचारले होते, “सर, आम्ही म्हटलं की कोणीतरी बाहेर राहतं ना? मग बाहेर कोण?” आम्ही तेव्हा उत्तर टाळले. आज देतो. २६ नोव्हेंबर १९४९ ला तो शब्द जगाला उद्देशून होता. तोवर इथले कायदे दुसऱ्यांच्या नावाने होत होते. त्या दुसऱ्यांना सांगायचे होते की यापुढे ‘आम्ही’. तिथे ‘आम्ही’ बरोबर आहे. पण तीच उद्देशिका शाळेच्या मैदानावर मुले एकमेकांसमोर उभी राहून म्हणतात, तेव्हा ऐकणारा कोणी परका नसतो. म्हणायचे ‘आम्ही’, आणि ऐकायचे ‘आपण’. एवढे ज्याला साधले त्याला नागरिकशास्त्र आले.

वाशीम हा १९०५ पर्यंत जिल्हा होता. मग तो अकोल्यात गेला, आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा जिल्हा झाला. त्र्याण्णव वर्षे आपण दुसऱ्याच्या ‘आम्ही’त होतो. आता आपला ‘आपण’ आपल्याला ठरवायचा आहे. त्यात रिसोड-मालेगावचा वऱ्हाडी बोलणारा हवा, मानोऱ्याच्या तांड्यावर घरी गोरमाटी, गावात वऱ्हाडी आणि शाळेत पुस्तकी मराठी अशा तीन भाषा पेलून चौथी इंग्रजी शिकणारी पोरगी हवी, कारंजा-मंगरूळपीरचा उर्दूवाला हवा. यातल्या प्रत्येकाची इंग्रजी थोडी थोडी चुकणार. चूक दाखवायचीच. न दाखवणे ही सुद्धा एक प्रकारची तुच्छता आहे, ‘याला कशाला सांगायचे’ अशी. पण दाखवताना आपण त्या मुलाला ‘आपण’मध्ये धरून दाखवतो की ‘आम्ही’ होऊन, यावर सगळे आहे.

त्या सायकलवाल्या मुलाला आम्ही पुढे शोधले. उशिरा शोधले, दहा-बारा वर्षांनी. त्याच्या गावी कळले की तो कामाला सुरतेकडे गेला. पुढे काही पत्ता लागला नाही. निवृत्तीपर्यंत आमच्या प्रत्येक नव्या वर्गात पहिल्या तासाला ओळखी मराठीत होत, ज्याच्या त्याच्या घरच्या मराठीत. आणि सुरुवात आम्ही करत असू. फळ्यावर दोन ओळी लिहायचो, एक ‘मायसेल्फ’ची, एक ‘आय अ‍ॅम’ची, आणि सांगायचो की पहिली ओळ का सुचते आणि दुसरी का लिहायची. दोन मिनिटे लागायची.

 प्रश्न असतील तर अवश्य विचारा, ज्याला ज्या भाषेत जमेल त्या भाषेत.